समक्ष पाहिले

दर नोव्हेंबरात बाबा
इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून
उदगीरच्या बँकेत जायचे,
आपण हयात आहोत हे सांगायला.

काउंटरवरचा पोरगा म्हणायचा, काका, अंगठा ठेवा.
अंगठा यायचा नाही.
शर्टाला पुसून, फुंकर मारून पुन्हा,
मग तर्जनी, मग डावा हात.
यंत्र म्हणायचं, जुळत नाही.
बाबा हसायचे :
"आरं, मी हाव की हितं. तुझ्या पुढ्यात उभारलाव."

बोटांवरच्या रेषा कुठे गेल्या
ते त्यांनी नीट कधी सांगितलं नाही.
थोड्या स्टिअरिंगवर, थोड्या बर्फात.
उरलेल्या बहुतेक आमच्याच घरात,
माझ्या दप्तराचा बंद दाभणाने शिवताना,
आईच्या शेवटच्या आठ महिन्यांत
तिची पातळं पिळताना.

हवालदार दत्तू ग्यानोबा सोनकांबळे,
लष्करी ट्रकचे ड्रायव्हर, बावीस वर्षं.
डाव्या पायाची दोन बोटं लेहच्या वाटेवर राहिली.
एका पंधरा ऑगस्टला शाळेने भाषणाला बोलावलं.
त्यांनी माईक ठोकून पाहिला, म्हणाले,
"पोरांनो, पायमोजे रोज वाळवा.
वला पायमोजा माणसाला खातो."
आणि खाली उतरले.
सगळी शाळा हसली. मी नववीत होते.
घरी येऊन मी जेवले नाही,
आणि का जेवले नाही तेही सांगितलं नाही.

सुट्टीवर यायचे तेव्हा हिरव्या ट्रंकेत
जर्दाळू, बूटपॉलिशच्या डब्या
आणि माझ्यासाठी एक माप लहान फ्रॉक.
त्यांच्या डोक्यात मी
मागच्या सुट्टीएवढीच असायचे.
फ्रॉक धाकटीला जायचा.
तिने सगळं लहानपण
माझ्या त्यांना आठवणाऱ्या वयात काढलं.

रिटायर झाल्यावर, नळाला बारा दिवसांनी पाणी,
तर गल्लीच्या घागरींची त्यांनी रांग लावली.
खडूने नंबर टाकले.
आमची घागर शेवटी.
"लोकाचं भरूस्तोर नळ जातोय की!" आई करवादायची.
जायचाच तो.
मग सायकलला दोन कॅन अडकवून
देगलूर रोडच्या बोअरवर,
शीळ घालत, कुठल्या गाण्याची ते कळायचं नाही.

रात्री दिवा घालवण्याआधी गिनती.
अंथरुणांच्या पायथ्याशी उभं राहून
पायाच्या अंगठ्याला हात लावत,
भाऊ एक, मी दोन, धाकटी तीन,
आणि आईपाशी जरा थांबून, चार.
आम्ही झोपेचं सोंग घ्यायचो.
हात असा खरबरीत, की सोंग टिकायचं नाही.

आम्ही दोघी सासरी गेलो. आई गेली.
भाऊ सांगतो, तरीही मधल्या खोलीत उभं राहून
चारपर्यंत मोजायचे, मग कडी लावायचे.
एकदा त्याने विचारलं, बाबा, काय करूलालाव?
"बघूलालाव," म्हणाले,
"समद्या गाड्या पोचल्या का."

यंदा नोव्हेंबरात मी गेले.
पिशवीत त्यांचं पेन्शनचं पुस्तक
आणि नगरपालिकेचा दाखला, दुसरा.
पोरगा तोच. त्याने नाव वाचलं,
यंत्र बाजूला सारलं, उगाच टेबल पुसलं.
म्हणाला, "ताई, मागल्या साली बी अंगठा आला नव्हता.
साहेबाला सांगून मी हातानंच लिहिलं."
रजिस्टर फिरवून दाखवलं.
बाबांच्या नावापुढे निळ्या शाईत
दोनच शब्द : समक्ष पाहिले.

मग फॉर्म. अर्जदाराचं नाव, पत्ता, तारीख.
नातं, या रकान्यात मी 'मुलगी' लिहिलं
आणि पुढे, कुणी विचारलं नव्हतं तरी,
बारीक अक्षरात : दोन.